घराचा विमा : कशाने, कशाचं आणि किती?



आज आपण घराच्या विम्याबद्दल बोलणार आहोत. गटाच्या बैठकीत हा विषय काढला की आम्हाला हमखास दोन उत्तरं ऐकायला मिळतात. काही जणी म्हणतात, "आमचा आहे की विमा, बँकेतून दरवर्षी पैसे कापले जातात." काही जणी म्हणतात, "विमेवाले पैसे घेताना गोड बोलतात आणि द्यायच्या वेळी कलम दाखवतात." दोन्ही उत्तरांचं मूळ एकच आहे. आपला विमा नेमका कशाचा आहे, हे पैसे भरताना आपल्याला कुणी नीट सांगितलेलं नसतं.

म्हणून आज एकच गोष्ट पक्की करून घेऊ. घराचा विमा म्हणजे घराला काहीही झालं तरी पैसे मिळणार, असा करार नसतो. तो ठरावीक कारणांनी, ठरावीक वस्तूंच्या झालेल्या नुकसानीचा, ठरावीक रकमेपर्यंतचा करार असतो. तेव्हा तीन प्रश्न लक्षात ठेवायचे : कशाने नुकसान झालं? कशाचं झालं? आणि किती रकमेचा विमा आहे?

आधी हे बघू, की कोणता विमा घराचा नाही

बँकेच्या खात्यातून वर्षाला २० रुपये कापले जातात, तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा. तो माणसाच्या अपघाताचा आहे. अपघातात मृत्यू आला किंवा पूर्ण कायमचं अपंगत्व आलं, तर २ लाख रुपये. ४३६ रुपये कापले जातात, तो जीवन ज्योती विमा. तो माणसाच्या मृत्यूचा, तोही २ लाखांचा. पीक विमा शेतातल्या पिकाचा. यांपैकी एकही विमा उडालेल्या पत्र्याचे पैसे देत नाही.

आणखी एक जागा फसगतीची आहे. घरासाठी किंवा धंद्यासाठी कर्ज घेताना हप्त्याबरोबर 'विम्याचे पैसे' घेतले जातात. पुष्कळदा तो कर्जदाराच्या आयुष्याचा विमा असतो. कर्ज घेणारं माणूस गेलं, तर राहिलेलं कर्ज त्यातून फिटतं. घर जळालं तर त्याचा उपयोग नाही. कधी कधी बँक खरोखर घराचाही विमा उतरवते. तुमच्या कर्जासोबत नेमका कोणता विमा आहे, ते कागद मागून बघा. तो कागद मागणं हा तुमचा हक्क आहे, कारण त्याचे पैसे तुम्ही भरले आहेत.

सरकारी मदत म्हणजेही विमा नव्हे. पूर किंवा वादळ आलं की तलाठी पंचनामा करतात आणि मदत मिळते. केंद्राच्या २०२२ ते २०२६ या काळासाठीच्या निकषांत पूर्ण पडलेल्या घराला सपाट भागात १ लाख २० हजार आणि डोंगरी भागात १ लाख ३० हजार रुपये आहेत. पण पक्क्या घराची थोडी पडझड झाली, तर ६,५०० रुपये. आज एक भिंत बांधून घ्यायला काय लागतं, ते तुम्हाला ठाऊक आहे. त्यामुळे मदत जरूर घ्या, पण तिच्या भरवशावर घर उभं राहील असं समजू नका. आणि हेही लक्षात ठेवा, की तलाठ्यांचा पंचनामा झाला म्हणजे विमा कंपनीला कळलं असं होत नाही. तिथे आपल्याला वेगळं कळवावं लागतं.

घराचा खरा विमा कोणता?

आपल्या देशात घराच्या विम्याचा एक ठरलेला नमुना आहे. त्याचं नाव 'भारत गृह रक्षा'. विमा कंपन्यांवर देखरेख ठेवणाऱ्या प्राधिकरणाने, म्हणजे आयआरडीएआयने, १ एप्रिल २०२१ पासून तो लागू केला. आगीचा विमा विकणाऱ्या प्रत्येक सर्वसाधारण विमा कंपनीला ही पॉलिसी ठेवावीच लागते आणि तिचा मूळ मजकूर सगळीकडे सारखा असतो. ती दहा वर्षांपर्यंतच्या मुदतीची घेता येते. फक्त घराच्या बांधकामाची, फक्त सामानाची किंवा दोन्हींची घेता येते. म्हणजे भाड्याने राहणारी बाईसुद्धा आपल्या सामानाचा विमा उतरवू शकते.

आता आपले तीन प्रश्न एकेक करून घेऊ.

पहिला प्रश्न : कशाने?

या पॉलिसीत कारणांची यादी दिलेली असते. आग, स्फोट, वीज पडणं, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर, घरात पाणी भरणं, दरड कोसळणं, घराखालची जमीन खचणं, वणवा, झाड किंवा वाहन घरावर आदळणं, दंगल आणि कुणी मुद्दाम केलेली नासधूस, दहशतवादी हल्ला, पाण्याची टाकी किंवा पाइप फुटणं.

ही यादी आपल्या राज्यातल्या आठवणींशी ताडून बघा. ३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला. २०१४च्या जुलैत माळीणवर डोंगर कोसळला. २०१९च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीत पुराचं पाणी घराघरांत शिरलं. ३ जून २०२०ला निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत घरांची कौलं आणि पत्रे उडवले. २०२१च्या जुलैत चिपळूण बुडालं. ही सगळी कारणं या यादीत बसतात.

आता यादीत काय बसत नाही ते बघू. बहुतेक भांडणं इथेच होतात.

चोरी. हे ऐकून पुष्कळ जणींना धक्का बसतो. घराला कुलूप असताना चोर आला आणि भांडी नेली, तर या मूळ पॉलिसीत ते पैसे मिळत नाहीत. चोरी फक्त एकाच परिस्थितीत धरतात : आग, पूर, वादळ अशी यादीतली आपत्ती आली आणि तिच्यामुळेच सात दिवसांच्या आत घरातलं सामान चोरीला गेलं, तर. घरफोडीसाठी वेगळा विमा घ्यावा लागतो किंवा जादा पैसे भरून तो जोडून घ्यावा लागतो.

झीज आणि हयगय. वादळाने कौलं उडाली आणि पावसाने आतलं सामान भिजलं, तर ते वादळाचं नुकसान. पण दोन पावसाळे छप्पर गळतंय, भिंतीला ओल येतेय, वाशाला वाळवी लागलीय, उंदरांनी गाद्या कुरतडल्यात, यांतलं काहीही यादीत नाही. नव्या घराला बसणाऱ्या नेहमीच्या भेगा, भराव घातलेली जमीन बसल्यामुळे झालेलं नुकसान, कच्च्या कामामुळे किंवा हलक्या मालामुळे खचलेलं बांधकाम हेही धरत नाहीत. घराला लागून खोदकाम काढलं आणि त्यामुळे घर खचलं, तरी नाही. नदीने किंवा समुद्राने हळूहळू काठ खाऊन घराखालची जमीन नेली, तर तेही विम्याबाहेर राहतं. नदीकाठच्या आणि खाडीकाठच्या मैत्रिणींनी हे नीट लक्षात ठेवावं.

शॉर्टसर्किट. इथे थोडा फरक समजून घ्यायला हवा. दाब जास्त झाला आणि फ्रीज आतल्या आत जळाला, तर त्या फ्रीजचे पैसे मिळत नाहीत. पण त्या फ्रीजमधून आग पसरली आणि स्वयंपाकघर जळालं, तर स्वयंपाकघराचं नुकसान आगीचं म्हणून धरतात. जे यंत्र स्वतःच्या विजेच्या दोषाने जळालं, तेवढंच वगळतात.

आणि उघड गोष्ट अशी, की घरच्यांनीच जाणूनबुजून केलेलं नुकसान आणि युद्धामुळे झालेलं नुकसान विम्यात नसतं.

गॅसच्या टाकीबद्दल एक वेगळी माहिती. टाकीचा स्फोट घराच्या विम्यात येतोच. शिवाय सरकारी तेल कंपन्यांनी आपल्या गॅस ग्राहकांसाठी सामूहिक विमा उतरवलेला असतो. त्याचा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. गॅसमुळे अपघात झाला, तर मृत्यूसाठी माणशी ६ लाख, उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत आणि नोंदवलेल्या पत्त्यावरच्या घराच्या नुकसानीसाठी २ लाखांपर्यंत तरतूद आहे. अपघात झाल्याबरोबर गॅस एजन्सीला लेखी कळवायचं असतं. गॅस दुसऱ्याच पत्त्यावर नोंदलेला असेल, तर तो आजच बदलून घ्या.

दुसरा प्रश्न : कशाचं?

घराचं बांधकाम म्हणजे भिंती, छप्पर, फरशी, आणि त्याच्याबरोबर कुंपणाची भिंत, फाटक, पाण्याची टाकी, सेप्टिक टँक, छपरावरचे सोलर पॅनेल. घराखालची जमीन विम्यात येत नाही. म्हणून विमा काढताना जागेची किंमत धरायची नसते, फक्त बांधकामाचा खर्च धरायचा.

गवताचं किंवा झापांचं छप्पर, कुडाच्या किंवा बांबूच्या भिंती, ताडपत्री, फळ्या अशा बांधकामाला विमा कंपनी 'कच्चं' म्हणते. तसं घर किंवा घराचा तसा भाग असेल, तर अर्ज भरतानाच ते स्पष्ट सांगा आणि त्याचा विमा होतो का, ते लेखी घ्या. एजंटाने 'पक्कं' असं लिहून टाकलं आणि आपण अंगठा किंवा सही केली, तर नुकसान झाल्यावर उत्तर आपल्याला द्यावं लागतं, एजंटाला नाही.

सामानाचं काय? बांधकामाचा विमा घेतला, की त्याच्या रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख रुपये, इतका घरगुती सामानाचा विमा आपोआप मिळतो. त्यासाठी वस्तूंची यादी द्यावी लागत नाही. कपाट, पलंग, गाद्या, भांडी, टीव्ही, मिक्सर, शिलाई मशीन हे त्यात येतं. सामान त्याहून जास्त किमतीचं असेल, तर तसं सांगून रक्कम वाढवून घेता येते.

आता सामानातल्या न धरलेल्या गोष्टी ऐका. या बायकांच्या रोजच्या जगण्याशी फार जवळच्या आहेत.

रोख पैसे. नोटा आणि नाणी या पॉलिसीत धरत नाहीत. बचत गटाची पेटी ज्या घरात असते, ते घर जळालं किंवा पुरात गेलं, तर पेटीतल्या पैशांची भरपाई या विम्यातून होत नाही. दहा-वीस बायकांची वर्षभराची बचत एका ट्रंकेत ठेवू नका. बैठकीत जमलेले पैसे दुसऱ्या दिवशी बँकेत गेले पाहिजेत.

कागदपत्रं. खरेदीखत, ठेवीच्या पावत्या, दाखले यांची किंमत विमा देत नाही. त्यांच्या प्रती दुसऱ्या ठिकाणी ठेवा. फोनमध्ये फोटो काढून लेकीला किंवा भावाला पाठवून ठेवले तरी चालेल.

दागिने. मंगळसूत्र, पाटल्या, चांदीची भांडी आपोआप येत नाहीत. त्यांच्यासाठी जादा पैसे भरून 'मौल्यवान वस्तूं'चा विमा घ्यावा लागतो. एकूण ५ लाखांपर्यंतच्या आणि एकेक वस्तू १ लाखापर्यंतच्या दागिन्यांना सोनाराचा किमतीचा दाखला लागत नाही. पण इथेही कारणांची यादी तीच. नुसती चोरी झाली तर हा विमा उपयोगाचा नाही.

जनावरं आणि वाहन. म्हैस, शेळ्या, कोंबड्या घरगुती सामानात धरत नाहीत. जनावरांचा विमा वेगळा असतो. मोटारसायकलचाही वेगळा.

घरातला धंदा. पापड-मसाल्याचा तयार माल, किराणा दुकान, विक्रीसाठी शिवलेले कपडे हा व्यापारी माल झाला. घराचा विमा राहत्या घरासाठी आहे. पुढच्या खोलीत दुकान असेल, तर ते अर्जात लिहा. लहान धंद्यासाठी 'भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा' नावाची वेगळी ठरावीक पॉलिसी आहे. गटाचा गिरणीचा किंवा पापडाचा व्यवसाय असेल, तर त्या पॉलिसीची चौकशी करा.

या पॉलिसीत आणखी दोन गोष्टी आहेत, त्या फारशा कुणाला माहीत नसतात. घर राहण्यालायक राहिलं नाही, तर दुरुस्ती होईपर्यंत दुसरीकडे राहिल्याचं भाडं मागता येतं. आणि जादा पैसे भरून तसा विमा जोडून घेतला असेल, तर ज्या आपत्तीत घराचं नुकसान झालं, त्याच आपत्तीत विमा घेणारी व्यक्ती किंवा तिचा जोडीदार दगावला, तर माणशी ५ लाख रुपये मिळतात.

तिसरा प्रश्न : किती?

रक्कम कशी ठरवायची? घराचं आतलं क्षेत्रफळ आणि आज तसंच घर बांधायला येणारा चौरस फुटाचा खर्च, यांचा गुणाकार. समजा, घर ५०० चौरस फुटांचं आहे आणि गावातल्या गवंड्याच्या हिशेबाने खर्च फुटाला १,५०० रुपये येतो. तर रक्कम झाली साडेसात लाख. त्याच्या २० टक्के, म्हणजे दीड लाख, सामानासाठी. हा आकडा उदाहरणापुरता. आपल्या गावचा दर आपण विचारून घ्यायचा.

हप्ता वाचावा म्हणून रक्कम कमी लावू नका. पूर्ण घर पडलं, तर कागदावर लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त मिळत नाही. मोठी दुरुस्ती केली, खोली वाढवली, तर कंपनीला कळवा. क्षेत्रफळ १० टक्क्यांहून जास्त वाढलं आणि जादा हप्ता भरला नाही, तर वाढवलेला भाग विम्याबाहेर राहतो. घरावर कर्ज असेल आणि पॉलिसीवर बँकेचं नाव असेल, तर भरपाईतून बँकेचं येणं आधी वळतं होतं, हेही ध्यानात असू द्या.

घर कुणाच्या नावावर आहे?

हा प्रश्न आम्ही मुद्दाम वेगळा घेतो आहोत. ज्याचा घरात कायदेशीर हितसंबंध आहे, त्यालाच त्या घराची भरपाई मागता येते. पुष्कळ घरांत नवरा जाऊन वर्षं झाली, तरी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर त्याचंच किंवा सासऱ्यांचंच नाव असतं. घर सांभाळते ती, घरपट्टी भरते ती, आणि नुकसान झालं की तिला विचारतात, "तुमचा या घराशी संबंध काय?" दारात पुराचा चिखल असताना वारसाचे कागद गोळा करणं फार जड जातं. म्हणून वारस नोंद आधी करून घ्या. ग्रामीण आवास योजनेतलं घरकूल बाईच्या किंवा दोघांच्या नावावर देण्याची पद्धत आहे. तुमच्या घरकुलाच्या कागदावर तुमचं नाव आहे का, ते स्वतः वाचून बघा. विमा घेताना नाव, पत्ता आणि घर क्रमांक उताऱ्याप्रमाणेच लिहून घ्या आणि वारसदाराचं नाव भरायला विसरू नका.

नुकसान झालं तर काय करायचं?

माणसं आणि जनावरं सुखरूप झाली, की पहिलं काम कंपनीला फोन करणं. फोन केल्यावर तक्रार क्रमांक मागा आणि वहीत लिहून ठेवा. कंपनी पाहणीसाठी सर्व्हेअर पाठवते. त्याची फी कंपनी देते, आपल्याला काही द्यायचं नसतं.

तो येईपर्यंत सगळं आवरून टाकू नका. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा. भिंतीवर पाणी कुठवर चढलं होतं, ती खूण दिसू द्या. मात्र नुकसान वाढू नये म्हणून ताडपत्री घालणं, सामान कोरड्या जागी हलवणं हे करायलाच हवं. मोडलेल्या वस्तू भंगारात देऊ नका. दंगल, नासधूस किंवा आपत्तीनंतरची चोरी असेल, तर पोलिसांत लेखी नोंद करा. दाव्याचा फॉर्म नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांच्या आत द्यायचा असतो. दिलेल्या प्रत्येक कागदाची पोच घ्या.

दावा नाकारला, तर "का" ते लेखी मागा. पॉलिसीतल्या कोणत्या कलमाखाली नाकारला, हे त्यात यायला हवं. ते पटलं नाही, तर आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करा. तिथे दाद लागली नाही, तर आयआरडीएआयच्या १५५२५५ या मोफत क्रमांकावर फोन करा. त्यापुढे विमा लोकपाल आहेत. त्यांची कार्यालयं मुंबईत आणि पुण्यातही आहेत. तिथे फी लागत नाही आणि वकीलही लागत नाही. मात्र कंपनीचं नकाराचं उत्तर आल्यापासून एका वर्षाच्या आत तिथे जायला हवं.

पुढच्या बैठकीसाठी काम

मैत्रिणींनो, ज्या कुणाच्या घरात विम्याचा कागद असेल, तिने तो पुढच्या बैठकीला आणावा. गटातली शिकलेली सून किंवा मुलगी असेल तिने तो मोठ्याने वाचावा. पहिल्या पानावर, ज्याला शेड्यूल म्हणतात, चार गोष्टी शोधा : नाव कुणाचं आहे, पत्ता बरोबर आहे का, बांधकामाची आणि सामानाची रक्कम किती आहे, आणि मुदत कधी संपते. प्रत्येक दाव्यात पहिली काही रक्कम आपण सोसायची असं लिहिलं असेल, तर तेही तिथेच सापडेल. मग 'काय धरलेलं नाही' ते पान काढा आणि आज सांगितलेल्या गोष्टींशी ताडून बघा.

जिच्याकडे कागद नाही, तिने एजंटाला विचारायचे प्रश्न वहीत उतरवून घ्यावेत. कशाने नुकसान झालं तर पैसे मिळतील? कशाचे मिळतील? किती मिळतील? घरफोडी यात आहे का? माझं कुडाचं स्वयंपाकघर यात आहे का? उत्तर तोंडी दिलं तर म्हणायचं, "दादा, हे पॉलिसीत कुठे लिहिलंय, तेवढं दाखवा." तो दाखवेपर्यंत सही करायची नाही.